रॉबर्ट जॉन्सनला गिटार सैतानाने नाही, आइक झिमरमनने शिकवली

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनवर अर्धं पान आलं होतं. मराठी पेपरात ब्लूजवर अर्धं पान, आधी तर ह्याचाच इतका आनंद झाला की कात्रण काढून ठेवलं. पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून हे पत्र लिहितोय. अख्ख्या लेखात एकच गोष्ट होती, मिसिसिपीतल्या कुठल्याशा चौकात मध्यरात्री ह्या पोराने सैतानाला आत्मा विकला, बदल्यात त्याला गिटार यायला लागली आणि २७ व्या वर्षी सैतानाने वसुली केली. गोष्ट रंगतदार आहे आणि जगभर हीच सांगतात, त्यामुळे एकट्या तुमच्या लेखकाला दोष देत नाही. पण ह्या माणसाबद्दल आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांबद्दल गेल्या साठेक वर्षांत लोकांनी उन्हातान्हात फिरून, म्हाताऱ्या माणसांना भेटून, कोर्टाचे आणि जन्ममृत्यूचे कागद उपसून जी पुस्तकं लिहिलीत त्यातलं एकही लेखात कुठे डोकावत नाही, आणि ते मला फार लागलं.

जॉन्सनचंच आधी सांगतो. २०१९ साली त्याचं 'अप जम्प्ड द डेव्हिल' हे चरित्र आलं, ब्रूस कॉनफर्थ आणि गेल डीन वॉर्डलो ह्या दोघांनी लिहिलेलं. ह्यातला वॉर्डलो म्हणजे जो माणूस साठच्या दशकात मिसिसिपीतल्या काळ्या वस्त्यांमधून दारोदार जुन्या रेकॉर्ड विकत घेत फिरायचा आणि त्याच फिरण्यात गायकांची माहिती गोळा करायचा. जॉन्सन पोरसवदा होता तेव्हा सन हाउस आणि विली ब्राउन ह्या मोठ्या वादकांच्या मागे मागे असायचा, ते जरा थांबले की त्यांची गिटार उचलून वाजवायला लागायचा आणि ऐकणारे वैतागायचे. मग तो गायब झाला आणि परत आला तेव्हा ह्याच दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. ही आठवण खुद्द सन हाउसने नंतर सांगितलीय आणि मधली मोकळी जागा लोकांनी सैतानाने भरली. खरं काय झालं होतं, तर तो बोरेगार्ड नावाच्या गावात आइक झिमरमन ह्या गिटारवाल्याच्या घरी जाऊन राहिला होता, त्यांच्यातलाच एक होऊन. रात्री दोघं गिटारी घेऊन गावच्या कबरस्तानात जाऊन बसायचे, कारण तिथे कितीही वेळ वाजवलं तरी कुणाची झोपमोड होत नाही. हे सगळं झिमरमनच्या मुलीने सांगितलंय. आणि चौकातल्या सैतानाची गोष्ट? ती मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितलेली होती, आडनाव एक म्हणून इकडे येऊन चिकटली.

आता मला सांगा, गुरूच्या घरी राहणं, रात्र रात्र रियाज करणं, हे आपल्याला नवीन आहे का? केसरबाई केरकरांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, आणि उद्या कुणी लिहिलं की हे गाणं त्यांना भुताने दिलं तर आपण ऐकून घेऊ का? पेपरात पत्रांचा पाऊस पडेल. मग मिसिसिपीतल्या एका काळ्या पोराने केलेली मेहनत सैतानाच्या नावावर का चढवायची? माझा मुद्दा एवढाच आहे. दंतकथेत माणसाची मेहनत गायब होते, त्याची मजुरी गायब होते, त्याचा गुरू गायब होतो, आणि ही सगळी पुस्तकं त्या गायब झालेल्या गोष्टी परत आणून ठेवतात.

ह्याच जॉन्सनचं मृत्यूचं सर्टिफिकेट वॉर्डलोला १९६८ साली सापडलं. तारीख १६ ऑगस्ट १९३८, ठिकाण ग्रीनवुडजवळ. मृत्यूचं कारण लिहायच्या रकान्यात फक्त दोन शब्द आहेत, डॉक्टर नव्हता. कागदाच्या मागच्या बाजूला नोंद करणाऱ्या बाईंनी मळ्याच्या गोऱ्या मालकाकडून ऐकलेलं लिहिलंय, की हा माणूस दोन-तीन आठवड्यांपूर्वी मळ्यावरच्या नाचाच्या कार्यक्रमात वाजवायला आला होता, कापूस वेचायचाय म्हणत मजुरांच्या घरात राहिला होता, आणि मालकाने डॉक्टर बोलावला नाही कारण हा माणूस त्याच्याकडे कामाला नव्हता. पेटी साधी घरगुती बनावटीची होती, तीही काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारने, दिलेली. मी हा परिच्छेद वाचला आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, त्या रात्री पुढे वाचवलंच नाही. ह्या एका कागदात त्या काळची अख्खी मिसिसिपी आहे. सैतानाच्या गोष्टीत तो मळा नाही, मालक नाही आणि न बोलावलेला डॉक्टरही नाही.

अजून एक. जॉन्सनचं लग्न झालं होतं, व्हर्जिनिया तिचं नाव, आणि ती १९३० मध्ये बाळंतपणात गेली, सोळा वर्षांची पोर. तो तेव्हा विशीतही नव्हता. आणि २०२० मध्ये त्याच्या सावत्र बहिणीचं, अ‍ॅनी अँडरसन ह्यांचं 'ब्रदर रॉबर्ट' हे पुस्तक आलं, बाई तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या. त्यात मेम्फिसच्या घरातला जॉन्सन आहे, पोरांना गाणी म्हणून दाखवणारा, जिमी रॉजर्ससारख्या गोऱ्या गायकाची गाणी आवडणारा, नीटनेटका राहणारा. कव्हरवर त्याचा फोटो आहे, नाणं टाकून काढायच्या फोटोच्या खोक्यात काढलेला, हातात गिटार आणि तोंडावर हसू. तोपर्यंत जगाला त्याचे दोनच फोटो नक्की माहीत होते, हा तिसरा इतकी वर्षं घरात जपून ठेवलेला. आणि त्या पुस्तकात राग पण आहे, रास्त राग, की त्याच्या २९ गाण्यांवर बाकीच्यांनी पैसे केले आणि ज्या बहिणींनी त्याला जेवू घातलं त्यांच्या हाती काही आलं नाही.

ब्लूज गायिका बेसी स्मिथबद्दलची दंतकथा वेगळ्या जातीची आहे. ती चांगल्या हेतूने पसरली. १९३७ च्या सप्टेंबरात क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१ वर तिच्या गाडीला रात्री अपघात झाला आणि ती गेली, आणि काही आठवड्यांत छापून आलं की गोऱ्यांच्या हॉस्पिटलने तिला दारातून परत पाठवलं म्हणून ती मेली. ते सगळ्यांना खरं वाटलं, त्यावर नाटक सुद्धा आलं. १९७२ मध्ये क्रिस अल्बर्टसनने तिचं चरित्र लिहिलं तेव्हा त्याने त्या रात्री रस्त्यावर थांबून तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच गाठलं. मासेमारीला निघालेला गोरा डॉक्टर होता. तिला गोऱ्यांच्या हॉस्पिटलात नेलंच नव्हतं, ती थेट काळ्यांच्या हॉस्पिटलात गेली आणि तिथे वारली, कारण तेव्हाच्या मिसिसिपीत काळ्या बाईला गोऱ्यांच्या दारात न्यायचा विचार सुद्धा कुठल्या अँब्युलन्सवाल्याच्या डोक्यात आला नसता. म्हणजे खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त भयंकर आहे! दारातून हाकलायला तरी दारापर्यंत जावं लागतं.

पुस्तकाने काय होतं असं कुणी विचारलं तर मी सिस्टर रोझेटा थार्पचं नाव सांगतो. अर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावात १९१५ ला जन्मलेली ही बाई, चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की पुढे जे रॉक अँड रोल म्हणून गाजलं त्यातलं बरंच काही तिच्या १९४४ च्या रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येतं. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियमवर तिने तिकीट लावून लग्न केलं, वीसेक हजार लोक आले, आणि लग्न लागल्यावर नवरीच्या पांढऱ्या झग्यातच तिने गिटार गळ्यात घालून कार्यक्रम केला. यूट्यूबवर तिचा मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवरचा १९६४ चा कार्यक्रम आहे, पाऊस पडून गेलाय, अंगात लांब कोट, बाई चालत येते, गिटार हातात घेते आणि पुढची काही मिनिटं दुसरं काही सुचत नाही. अशी ही बाई १९७३ मध्ये गेली आणि फिलाडेल्फियात तिच्या कबरीवर नावाचा दगड सुद्धा नव्हता. २००७ मध्ये गेल वॉल्डने तिचं चरित्र लिहिलं, 'शाउट, सिस्टर, शाउट', ते वाचून लोक हलले, चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले आणि मग दगड बसला. २०१८ मध्ये तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बेसी स्मिथची कबर पण त्याच शहराजवळ आणि तीही १९७० पर्यंत बिनदगडाची होती, तिथे रॉक गायिका जेनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसलेली एक बाई अशा दोघींनी मिळून खर्च केला. पण रोझेटाच्या बाबतीत सुरुवात पुस्तकाने झाली.

सगळीच पुस्तकं साधुसंतांनी लिहिलीत असं मला म्हणायचं नाही. उलट ही पुस्तकं एकापुढे एक ठेवून वाचली की कोण कुणाला विसरलं हे पण कळतं. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं उदाहरण घ्या. १९४१ च्या ऑगस्टमध्ये स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या ह्या माणसाचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, आणि ते अ‍ॅलन लोमॅक्स ह्या लोकगीतं गोळा करणाऱ्या अभ्यासकाने केलं असं सगळे सांगतात. लोमॅक्सचं १९९३ चं जाडजूड पुस्तक सुंदर आहे, त्याची भाषा वाहती आहे, मी ते दोनदा वाचायला सांगेन. पण त्या कामात त्याच्या बरोबर फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क होते, स्वतः काळे, संगीताचे प्राध्यापक, त्यांनीही गाणी टिपली, मुलाखती घेतल्या, अहवाल लिहिला, आणि तो अहवाल कपाटात पडून राहिला. लोमॅक्सच्या पुस्तकात वर्कना जेमतेम जागा मिळालीय. रॉबर्ट गॉर्डनने मडी वॉटर्सचं चरित्र लिहिताना त्या कागदांचा माग काढला आणि २००५ मध्ये 'लॉस्ट डेल्टा फाउंड' म्हणून वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं लिखाण छापून आलं, म्हणजे कामानंतर साठ वर्षांनी. वर्क तोवर कधीच गेले होते.

सोल म्हणजे काळ्यांच्या चर्चमधल्या गाण्यातून आणि ब्लूजमधून आलेलं संगीत, त्यावर पीटर गुरालनिकचं १९८६ चं 'स्वीट सोल म्युझिक' अजूनही पहिलं वाचावं असं पुस्तक आहे, पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते गॉर्डनचं २०१३ चं स्टॅक्स ह्या रेकॉर्ड कंपनीवरचं. मेम्फिसमधलं बंद पडलेलं सिनेमा थिएटर, उतारावरच्या खुर्च्या काढून तिथे स्टुडिओ, आणि पुढे जिथे पॉपकॉर्न विकायचे तिथे रेकॉर्डचं दुकान. ते दुकान चालवायची एस्टेल अ‍ॅक्सटन, जिने रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. गल्लीतली पोरं कुठलं गाणं परत परत ऐकतात ते ती काउंटरवरून बघायची आणि आत जाऊन सांगायची, त्याच पोरांमधले काही पुढे आत वाजवायला लागले. बाहेर शहरात गोऱ्यांची आणि काळ्यांची हॉटेलं वेगळी, आत मात्र बुकर टी आणि एमजीज ह्या बँडमध्ये दोन काळे दोन गोरे. एकत्र बसायचं तर लोरेन मोटेलवर, कारण तिथे सगळ्यांना घ्यायचे, 'नॉक ऑन वुड' हे गाणं तिथल्याच खोलीत लिहिलं गेलं. आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये त्याच मोटेलच्या बाल्कनीत मार्टिन लूथर किंगना गोळी घातली, ते सफाई कामगारांच्या संपासाठी मेम्फिसला आले होते. त्याच्या चार महिने आधी स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला होता, फक्त २६ वर्षांचा. आणि १९६८ मध्येच कंपनीला कळलं की १९६५ मध्ये नीट न वाचता सही केलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये त्यांच्या इतक्या वर्षांच्या गाण्यांची मालकीच अटलांटिक कंपनीकडे गेलीय. हा भाग वाचताना अक्षरशः हात चोळत बसावं लागतं.

कागदावरच्या नावाचं महत्त्व रॉक अँड रोल गायक चक बेरीइतकं कुणाला कळलं नसेल. १९५५ मध्ये 'मेबेलीन' बाजारात आलं तेव्हा गीतकार म्हणून त्याच्या नावासोबत दोन परकी नावं छापलेली, त्यातलं एक अ‍ॅलन फ्रीड, रेडिओवर गाणी लावणारा. म्हणजे गाणं लागायचं तर हिस्सा द्या. ती नावं निघायला तीसेक वर्षं लागली. बेरीचं १९८७ चं आत्मचरित्र त्याने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय लिहिलंय, काही भाग तुरुंगात असताना, आणि वाक्यं त्याच्या गाण्यांसारखीच उड्या मारतात. ह्याच्या उलट सोल गायिका अरीथा फ्रँकलिन. डेव्हिड रिट्झने १९९९ मध्ये तिच्यासोबत तिचं आत्मचरित्र केलं, तिने दुखऱ्या जागा सगळ्या गाळायला लावल्या, मग त्याने २०१४ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर दुसरं पुस्तक काढलं आणि ती भयंकर भडकली. दोन्ही वाचावीत. कुणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण आपल्याला आत्मचरित्रं वाचायची सवय आहे, आपल्या वाचकांना ह्यावर भांडायला मजा येईल.

हे सगळं मराठी वाचकाला कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. अहो, अरुण कोलटकरांना आवडते कवी कोण असं विचारलं तेव्हा त्यांनी जी भलीमोठी यादी दिली त्यात ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम, होनाजी, पठ्ठे बापूराव ह्यांच्याच रांगेत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिंग वुल्फ, जॉन ली हुकर आहेत. कोलटकरांना हे सगळे एकाच पंगतीला दिसले. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड अंतराळात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्याच रेकॉर्डवर चक बेरी आहे आणि ब्लाइंड विली जॉन्सन आहे, टेक्सासचा आंधळा गायक, १९२७ चं रेकॉर्डिंग, शब्द नाहीत, फक्त हुंकार आणि गिटारवर घसरणारी पट्टी. तो १९४५ मध्ये जळालेल्या घराच्या अवशेषांत झोपून आजारी पडून मेला. ज्या लोकांनी 'बलुतं' वाचलंय, 'उपरा' वाचलंय, त्यांना ही माणसं समजावून सांगावी लागणार नाहीत. मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते सुद्धा त्याच अमेरिकेतून. आणि बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज महोत्सव होतो, ब्लूज गिटारवादक बडी गाय स्वतः तिथे येऊन वाजवून गेलाय, त्याचंही आत्मचरित्र आहे, लुइझियानाच्या कापसाच्या मळ्यातून शिकागोपर्यंतचं.

तरी ह्यातलं एकही पुस्तक मला मराठीत मिळालेलं नाही, लायब्ररीत विचारलं, प्रदर्शनांत विचारलं. इंग्रजी प्रती मागवायच्या तर महाग पडतात आणि कॉलेजातल्या गिटार वाजवणाऱ्या पोराला ते परवडत नाही. आपल्याकडे देवधर मास्तरांचं 'थोर संगीतकार' पिढ्यानपिढ्या वाचलं जातं, चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, स्वतःचं आयुष्य मराठीत लिहून ठेवलंय, त्याच चितळकरांनी १९५७ मध्ये 'ईना मीना डीका' करून रॉक अँड रोलचं वारं घराघरात आणलं. म्हणजे गायक-वादकांची चरित्रं आवडीने वाचणारा वाचक इथे आधीपासून आहे. तुमच्या पेपरचा प्रकाशकांशी रोजचा संबंध येतो म्हणून विनंती, त्यांच्या कानावर घाला. माझ्या मते सुरुवात रोझेटा थार्पपासून करावी, पुस्तक आटोपशीर आहे आणि एकदा हातात घेतलं की सुटत नाही. मग 'ब्रदर रॉबर्ट'. स्टॅक्सचं पुस्तक मोठं आहे, ते कुणी नेटाने केलं पाहिजे. तोपर्यंत पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका पुस्तकाची ओळख आली तरी चालेल, लिहिणारे भरपूर मिळतील, पुण्या-मुंबईतच नाही तर सोलापूर, नाशिक, पणजीत सुद्धा ब्लूज ऐकणारे आणि वाजवणारे आहेत.

आणि एक छोटी गोष्ट. लेखासोबत तुम्ही जॉन्सनचा सूट-हॅट घातलेला, पायावर पाय टाकून गिटार धरलेला फोटो छापलात, खाली 'संग्रहित छायाचित्र' असं लिहून. तो फोटो मेम्फिसच्या हुक्स ब्रदर्स ह्या काळ्या भावांच्या स्टुडिओत काढलेला आहे. पुढच्या वेळी छापाल तेव्हा खाली त्यांचं नाव टाका.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली